ऱ्योकानमधला एक मुक्काम: बुकिंगपासून निरोपापर्यंत, आणि मधे कुठे चुकतं

जपानला गेलेल्या कुणाचा तरी फोन मला बहुतेक वेळा दुपारी तीनला येतो. जपानात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. "आम्ही ऱ्योकानला पोचलोय, समोर बारा वाट्या मांडल्यात, आणि एकही शाकाहारी दिसत नाही. काय सांगू यांना?" त्या घटकेला सांगण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. जे सांगायचं ते तीन आठवड्यांपूर्वी सांगायला हवं होतं.

ऱ्योकान म्हणजे जपानी पद्धतीचं अतिथिगृह. हॉटेलात आपण खोलीचे पैसे भरतो आणि मग हवं तेव्हा येतो-जातो. ऱ्योकानमध्ये खोली, गरम पाण्याची अंघोळ, रात्रीचं जेवण, अंथरूण आणि सकाळचा नाश्ता हे सगळं एकाच दोऱ्यात ओवलेलं असतं. एक मणी निसटला की पुढचे सगळे निसटतात. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पहिले चार घरी बसून करायचे आहेत, आणि बहुतेक माणसं नेमके तेच चार गाळतात.

टप्पा १: कुठल्या प्रकारच्या घरात राहायचंय ते ठरवा

तीन पर्याय असतात आणि तिन्हींत बराच फरक आहे.

ऱ्योकान हा रीतसर व्यवसाय. खोलीत चहा आणून देणारी, अंथरूण घालणारी माणसं असतात. घराची मालकीण किंवा व्यवस्थापक बाई म्हणजे ओकामी, आणि खोलीची देखभाल करणारी ती नाकाई-सान. दोन जेवणांसह मध्यम दर्जाच्या ऱ्योकानचा दर माणशी साधारण १५ ते ३० हजार येन धरून चाला. वर मर्यादा नाही.

मिनशुकु म्हणजे घरगुती. आपल्याकडे कोकणात घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात, तसंच. दर बराच कमी. पण अंथरूण आपलं आपण घालायचं, न्हाणीघर सगळ्यांत मिळून एक किंवा दोन.

शुकुबो म्हणजे मंदिरातला मुक्काम. यातलं सगळ्यांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे वाकायामा प्रांतातलं कोयासान. तिथे पन्नासेक मंदिरं पाहुणे ठेवतात. शाकाहारी वाचकांनी हे नाव आताच लिहून ठेवावं, पुढे कामाला येणार आहे.

माझं मत विचाराल तर सहलीत एकच रात्र ऱ्योकानला द्या, फार तर दोन, आणि ती तोक्योच्या मध्यवस्तीत देऊ नका. हाकोने, किनोसाकी, कुरोकावा अशा ओन्सेनच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात द्या. तिथे दुपारी पोचून काहीही न करणं हाच कार्यक्रम असतो. शनिवारची रात्र महाग पडते. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा सुट्ट्यांचा आठवडा, ऑगस्टच्या मध्यातले ओबोनचे, म्हणजे पितरांच्या सणाचे दिवस आणि नववर्ष शक्यतो टाळा.

सोबत आई-वडील असतील तर आणखी एक गोष्ट बघा: गुडघे. पारंपरिक खोलीत जमिनीवर बसायचं, जमिनीवर जेवायचं आणि जमिनीवर झोपायचं. "आमचे बाबा अजून मांडी घालतात" असं म्हणून बुकिंग करणाऱ्यांना पहाटे बाबांना अंथरुणातून उठवायला दोघं लागतात. त्यांच्यासाठी वायोशित्सु मागा, म्हणजे चटईची बैठक आणि पलंग दोन्ही असलेली खोली. जेवण टेबल-खुर्चीवर मिळेल का आणि इमारतीत लिफ्ट आहे का, हेही विचारून घ्या. जुन्या लाकडी घरांत बहुधा नसते.

टप्पा २: बुकिंग करताना हे वाचा

दर माणशी असतो, खोलीचा नसतो. वेबसाइटवर २२ हजार दिसलं म्हणजे दोघांचे ४४ हजार असू शकतात. काही आंतरराष्ट्रीय साइट्स दोघांचा मिळून आकडा दाखवतात, तेव्हा आकड्याखाली काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जेवणाचा प्रकार नीट निवडा. 'इप्पाकु निशोकु' म्हणजे एक रात्र, दोन जेवणं. ऱ्योकानचा खरा मुक्काम हाच. 'सुदोमारी' म्हणजे नुसती झोपायची सोय. स्वस्त म्हणून सुदोमारी घेतली आणि गावातली दोन उपाहारगृहं सहाला बंद झाली, ही कहाणी मी इतक्यांदा ऐकली आहे की आता शेवट मीच सांगतो.

माणसं खरी लिहा. दोघांचं बुकिंग करून तिसऱ्याला "तो काय, आमच्यातच झोपेल" म्हणून नेता येत नाही. ताटं, युकाता (अंगावर गुंडाळायचा सुती झगा), गाद्या, सगळं मोजून मांडलेलं असतं. लहान मुलांचं वयही लिहा. मुलांचे दर जेवण-अंथरुणाप्रमाणे बदलतात, आणि काही ठिकाणी अगदी लहान मुलांना घेत नाहीत. एकट्या प्रवाशाला काही घरं नकार देतात किंवा जास्त दर लावतात. त्यात अपमान मानू नका, हिशेब माणशी असल्याचा तो परिणाम आहे.

रद्द करण्याचे नियम हॉटेलांपेक्षा कडक असतात. आयत्या वेळी गेला नाहीत तर पूर्ण रक्कम जाऊ शकते, कारण तुमच्या नावाचा मासा बाजारातून आलेला असतो.

*पैसे भरण्याआधी तपासा:* माणसांची संख्या, जेवणांची संख्या, खोलीला स्वतःचं शौचालय आहे की बाहेर, आणि रात्रीच्या जेवणाची शेवटची वेळ.

टप्पा ३: जेवणाचं पत्र

इथे थांबा आणि सावकाश वाचा. सगळ्यांत जास्त माणसं इथेच अडकतात.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, एक पातळ अर्क. तो बहुतेक वेळा कात्सुओबुशीपासून, म्हणजे वाळवलेल्या, धुरवलेल्या बोनितो माशाच्या पातळ कापांपासून करतात. मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, उकडलेल्या भाज्या, अंड्याचा कस्टर्ड, तेंपुरा म्हणजे जपानी भज्यांसोबतचं पाणी, सगळ्यांत दाशी. त्यामुळे ताटात मासा दिसला नाही म्हणजे मासा नाही, असं होत नाही. आणि स्वयंपाक्याच्या दृष्टीने भाजीवर दाशी घातली तर ती मांसाहारी होत नाही. तो फसवत नसतो. नुसतं "आम्ही व्हेजिटेरियन" लिहिलंत तर मांस आणि माशाचा तुकडा जाईल, दाशी राहील.

म्हणून आपला आहार नावाने सांगू नका, पदार्थांनी सांगा. दोन याद्या करा: काय चालत नाही आणि काय चालतं. दुसरी यादी पहिलीपेक्षा महत्त्वाची, कारण तिच्यावरून स्वयंपाकघर काहीतरी उभं करू शकतं. लिहा, की मांस, चिकन, मासे, कोळंबी-शिंपले, माशाची दाशी आणि जिलेटिन चालत नाही. तोफू, भाज्या, कोन्बुची म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी, शिताके अळिंबीची दाशी, भात, नूडल्स चालतात. अंडं, दूध, कांदा-लसूण आणि स्वयंपाकात वापरतात ती साके-मिरिन (तांदळाची दारू) चालते का, हे चार प्रश्न तुम्हाला विचारले जाणारच, तेव्हा आधीच उत्तर द्या. घरात चौघांचे चार नियम असतील तर प्रत्येकाचं वेगळं लिहा. "बाबा सगळं खातात, आई फक्त शाकाहारी, मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी." हे तीन ओळींत स्पष्ट झालं पाहिजे.

इंग्रजी पत्रासोबत ही दोन जपानी वाक्यं पाठ ठेवा, समोरासमोरही उपयोगी पडतात:

"निकु, साकाना, कात्सुओ नो दाशी वा ताबेरारेमासेन." (मांस, मासे, बोनितोची दाशी खाता येत नाही.)

"तामागो तो ग्यूनयू वा दाइजोबू देसु." (अंडं आणि दूध चालतं.)

पत्र कधी? बुकिंग करतानाच. रद्द करण्याची मुदत संपण्याआधी होकार किंवा नकार हातात हवा. मग जाण्याच्या आठवडाभर आधी एक आठवण. नकार आला तर हुज्जत घालू नका. पाचसहा माणसांचं स्वयंपाकघर महिनाभराचा मेनू ठरवून चालवतं, आणि प्रामाणिकपणे नाही म्हणणारं घर "बघू, करू काहीतरी" म्हणणाऱ्यापेक्षा बरं. दुसरं घर शोधा.

आणि आता कोयासान. मंदिरांतल्या जेवणाला शोजिन ऱ्योरी म्हणतात. त्यात मांस-मासे नसतात, दाशी कोन्बु आणि शिताकेची, आणि परंपरेप्रमाणे कांदा-लसूणही वर्ज्य. तिळाचं गोमादोफू आणि गोठवून वाळवलेलं कोयादोफू ही तिथली खासियत. ज्यांच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो त्यांना हे ताट परकं वाटणार नाही, फक्त तिखट शोधू नये. जैन वाचकांनी मात्र लक्षात ठेवावं: गाजर, बटाटा, कमळकाकडी अशी कंदमुळं त्यात सर्रास असतात, ती वेगळी सांगावी लागतात. ओसाकाच्या नाम्बा स्थानकावरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत, तिथून केबल कार आणि वर बस, असा रस्ता आहे. मराठी माणसाला तिथे आणखी एक ओळखीचा चेहरा भेटतो: कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५मध्ये बसवलेला.

*सावधान:* ऱ्योकानला पोचल्यावर "आता जरा शाकाहारी करून द्या" म्हणणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढपी आल्यावर उपवास असल्याचं सांगणं. भात, लोणचं आणि चेहऱ्यावर अपार संकोच घेऊन उभी असलेली नाकाई-सान, एवढंच मिळेल.

टप्पा ४: सामान आणि पिशवी

मोठी सुटकेस ऱ्योकानला नेऊच नका. जपानात ताक्क्यूबिन नावाची सामान पोचवण्याची सेवा आहे. तोक्योच्या हॉटेलच्या काउंटरवर सुटकेस द्यायची, फॉर्मवर पुढच्या हॉटेलचा पत्ता आणि पोचायची तारीख लिहायची. बहुतेक मुख्य भागांत दुसऱ्या दिवशी पोचते. तोक्यो, मग एक रात्र ऱ्योकान, मग क्योतो असा बेत असेल तर सुटकेस थेट क्योतोला पाठवा आणि एका रात्रीची छोटी पिशवी घेऊन ऱ्योकानला जा. पिशवीत पासपोर्ट, औषधं आणि चार्जर राहिलेत ना, हे सुटकेस देण्याआधी बघा. नंतर बघून उपयोग नसतो.

रात्रीचे कपडे नकोत, युकाता मिळते. टॉवेल ऱ्योकानमध्ये मिळतो, मिनशुकुत विचारा. न फाटलेले मोजे घ्या. ही थट्टा नाही, दिवसभर तुमचे पाय सगळ्यांना दिसणार आहेत. नाडीचे बूट असतील तर प्रत्येक उंबऱ्याशी वाकावं लागेल, पटकन निघणारे घाला. जपानात वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा असतो, आपला गोल पिनांचा बसत नाही. रोख येन ठेवा, छोटी घरं कार्ड घेतीलच असं नाही.

खाऊ न्या, पण कोरडा: चिवडा, दशम्या, लाडू. ताजी फळं-भाज्या आणि मांसाचे पदार्थ जपानच्या विमानतळावर अडतात. खोलीत इलेक्ट्रिक भांड्यात खिचडी शिजवू नका, उदबत्ती लावू नका. गवताच्या चटईत वास मुरतो आणि पुढच्या पाहुण्याला भेटतो.

टप्पा ५: पोचण्याची वेळ

खोली सहसा तीनला मिळते, रात्रीचं जेवण सहा ते सातच्या दरम्यान सुरू होतं. यामधे चहा, थोडी विश्रांती आणि अंघोळ बसवायची असते. म्हणजे साडेतीन-चारला पोचा. साडेसहाला धापा टाकत पोचलात तर पैसे पूर्ण भरून अर्धा मुक्काम मिळतो. कोयासानच्या मंदिरांत घाई आणखी, पाचच्या आत पोचलेलं बरं.

पुष्कळ ऱ्योकान स्थानकावरून गाडीने घेऊन जातात. ही सोय फुकट असते, पण गाडीची वेळ आधी कळवून ठरवावी लागते. स्थानकावर उतरून फोन केला की येईल, असं धरू नका.

गाडी चुकली? लगेच फोन करा. दहा मिनिटं उशीर होणार असेल तरी करा. स्वयंपाकघरात तुमच्या ताटाची घडी मोजली जात असते.

दारातला खालचा भाग म्हणजे गेन्कान. बूट तिथेच काढायचे आणि थेट वरच्या लाकडी पायरीवर पाय ठेवायचा. बूट काढून मोज्यांनी खालच्या फरशीवर फिरायचं आणि मग वर चढायचं, ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. खालची फरशी म्हणजे रस्ता, असं समजा. बूट उचलून ठेवायला कर्मचारी असतात, आणि निघताना ते बाहेर तोंड करून मांडलेले मिळतात.

जपानात पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट बघणं आणि त्याची प्रत ठेवणं हा तिथला नियम आहे, तेव्हा तो हातात ठेवा. याच वेळी तीन गोष्टी ठरवून टाका: रात्रीच्या जेवणाची वेळ, सकाळच्या नाश्त्याची वेळ आणि खासगी अंघोळीचा तास हवा असल्यास तो. आहाराची आठवणही इथेच, हसून, एका वाक्यात.

टप्पा ६: खोलीत

चपलांचा हिशेब असा: लाकडी व्हरांड्यात घरातल्या स्लिपर, तातामीवर, म्हणजे गवताच्या चटईवर, स्लिपरही नाही, शौचालयात तिथल्या वेगळ्या स्लिपर. शौचालयातल्या स्लिपर घालून तसंच खोलीत येणं ही चूक मी स्वतः केली आहे, आणि व्हरांड्यातल्या आजीबाईंच्या चेहऱ्यावरून कळली.

चाकांची पिशवी तातामीवर ओढू नका, उचलून भिंतीकडे लाकडी पट्टीवर ठेवा. भिंतीतल्या कोनाड्यात एक चित्राची गुंडाळी आणि फुलं असतात, तो तोकोनोमा. तो देव्हारा नव्हे, पण तिथे सामान ठेवणं किंवा मुलाला बसवून फोटो काढणं अगदी तसंच दिसतं. सरकते दरवाजे कागदाचे असतात, लहान मुलांची बोटं आणि त्यांचं जुनं वैर आहे.

टेबलावर चहा आणि एक गोड वडी असते. ती खा. तासाभराने गरम पाण्यात उतरायचंय, पोट अगदी रिकामं नको.

आता युकाता. आधी उजवा पदर अंगाला, त्यावर डावा. समोरून बघणाऱ्याला इंग्रजी वाय अक्षरासारखा गळा दिसतो. पडताळा सोपा: उजवा हात छातीशी पदराच्या आत सहज जायला हवा. उलट, म्हणजे उजवा पदर वर, ही रीत प्रेताची. पट्टा पुरुषांनी कमरेखाली, बायकांनी कमरेवर बांधायचा. आत अंतर्वस्त्रं घाला, खुशाल. थंडीत वरून घालायला जाड अंगरखा मिळतो. उंच किंवा आडव्या अंगाच्या माणसाने मोठी युकाता मागावी, गुडघ्यावर आलेल्या युकात्यात जेवायला बसणं अवघड जातं. युकाता घालून जेवणघरात, व्हरांड्यात, ओन्सेनच्या गावात रस्त्यावरही फिरता येतं. किनोसाकीत तर सगळं गावच लाकडी खडावा वाजवत एका सार्वजनिक स्नानघरातून दुसऱ्याकडे चाललेलं असतं.

टप्पा ७: अंघोळ

संकोचाबद्दल आधी बोलू, कारण त्यावाचून बाकीचं वाचलं जात नाही. सार्वजनिक कुंडात अंगावर काहीही नसतं. पोहण्याचा पोशाख चालत नाही. बायका-पुरुष वेगळे असतात. पाचव्या मिनिटाला लक्षात येतं की कुणी कुणाकडे बघत नाहीये. तरीही नको वाटत असेल तर काशिकिरी मागा, म्हणजे पाऊण तास-तासभर फक्त तुमच्या कुटुंबासाठी बंद केलेलं कुंड. किंवा मुळातच खोलीला जोडलेलं कुंड असलेली खोली घ्या. भित्रेपणा म्हणून नव्हे, पुष्कळ जपानी कुटुंबंही हेच करतात.

क्रम असा:

१. जोडवी, पैंजण, चांदीचं जे काही असेल ते खोलीतच काढून ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदी काही मिनिटांत काळी पडते. मंगळसूत्रही काढलेलं बरं.

२. दारावरच्या पडद्याचं चिन्ह बघा. पडदा बहुधा पुरुषांचा निळा, बायकांचा लाल. पुरुषांच्या अक्षरात वरती चार खणांची खिडकी दिसते, बायकांच्या अक्षरात पाय आडवे टाकून बसलेली आकृती. रात्री आणि सकाळी या बाजू पुष्कळ ठिकाणी बदलतात. म्हणून काल उजवीकडे गेलो होतो म्हणून आजही उजवीकडे, असं करू नका. दर वेळी बघा.

३. बाहेरच्या खोलीत सगळे कपडे टोपलीत. मोठा टॉवेल तिथेच. छोटा पातळ टॉवेल सोबत आत.

४. आत नळांपुढे छोटी स्टुलं असतात. बसून, साबण लावून, संपूर्ण अंग धुवा. गावाकडे न्हाणीघरात पाटावर बसून तांब्याने अंघोळ केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, शॉवरखाली वाढलेल्याला लागतं. उभं राहून शेजाऱ्यावर पाणी उडवू नका. साबणाचा थेंबही अंगावर राहता कामा नये. शेवटी स्टूल आणि घंगाळं धुऊन जागेवर ठेवा.

५. लांब केस वर बांधा. केस पाण्यात जाता कामा नयेत.

६. कुंडात हळूहळू उतरा. पाणी सहसा ४० ते ४२ अंश असतं. पहिल्या खेपेला पाच मिनिटं पुरे. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा. पोहणं नाही, फोन नाही.

७. बाहेर पडताना तोच टॉवेल पिळून अंग पुसा आणि मगच कपड्यांच्या खोलीत पाऊल टाका, नाहीतर तिथली चटई ओली होते. भरपूर पाणी प्या.

पाळी चालू असेल तर सार्वजनिक कुंड टाळून खोलीतला शॉवर वापरा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दारू पिऊन किंवा भरल्या पोटी लगेच उतरू नका.

गोंदण हा आपल्याकडचा खास प्रश्न. अंगावर टॅटू असलेल्यांना पुष्कळ कुंडांत मनाई असते, आणि आजीच्या हातावरचं हिरवं गोंदण नि मुलाच्या दंडावरचा वाघ यांत नियम फरक करत नाही. बुकिंगच्या पत्रातच विचारा. छोटं असेल तर झाकायची पट्टी काही ठिकाणी चालते. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानघरांत टॅटूला मनाई नाही.

*सावधान:* मिनशुकुतलं किंवा काशिकिरीतलं टब संपवून बूच काढू नका. तेच गरम पाणी पुढच्या माणसासाठी असतं. झाकण असेल तर परत घाला.

टप्पा ८: रात्रीचं जेवण

ठरल्या वेळेला, पाच मिनिटं आधी. खोलीत मिळणार असेल तर त्या वेळी खोलीत राहा, कुंडात नको.

सुरुवातीला मिळणारा ओला रुमाल हातांसाठी आहे, तोंड आणि मान पुसायला नाही. एखाद्या छोट्या शेगडीखाली मेणासारखं इंधन पेटवून देतात. ज्योत आपोआप विझेपर्यंत झाकण उघडून बघत बसू नका, विझली की पदार्थ झाला.

भात शेवटी येतो, मिसो सूप आणि लोणच्याबरोबर. भाताशिवाय कालवण घशाखाली उतरत नसेल तर "गोहान ओ साकी नि ओनेगाइ शिमासु" म्हणा, भात आधी मिळेल. चॉपस्टिक भातात उभ्या रोवू नका आणि एकमेकांच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ-घेऊ नका. दोन्ही गोष्टी त्यांच्याकडे अंत्यविधीतल्या आहेत. ताटात भलतंच काही वाढलं तर आपल्या घरच्या मोठ्या माणसांचा चेहरा जसा होतो, तसाच हे बघून त्यांचा होतो.

लोणच्याची बाटली टेबलावर काढू नका, असं मी सांगतो आणि कुणी ऐकत नाही. निदान पहिले चार पदार्थ तरी तिच्याशिवाय खाऊन बघा.

पेयांचे पैसे वेगळे. उरलेलं अन्न बांधून मिळत नाही.

टप्पा ९: रात्र

तुम्ही जेवत असताना कोणीतरी खोलीत येऊन गाद्या घालतं. जेवायला जाताना पसारा आणि पाकीट आवरून जा. गादी पातळ वाटली तर दुसरी मागा किंवा कपाटात बघा, बहुधा असते. उशीत कधीकधी धान्याची टरफलं असतात, कडक लागते, मऊ मागता येते.

भिंती कागदी-लाकडी. जपानात रात्रीचे दहा म्हणजे घरी संध्याकाळचे साडेसहा, नेमकी व्हिडिओ कॉलची वेळ. स्पीकरवरचा मावशींचा आवाज तीन खोल्यांपलीकडे जातो. कॉल जेवणाआधी उरका.

टप्पा १०: सकाळ आणि निघणं

नाश्ता साडेसात-आठला, आणि तोही पूर्ण जेवणच: भात, सूप, भाजलेला मासा, कधी कच्चं अंडं. तुमच्या आहाराच्या पत्रात नाश्त्याचा उल्लेख होता ना? रात्रीचं लिहून सकाळचं विसरणारे पुष्कळ असतात. शुकुबोमध्ये त्याआधी, सहाच्या सुमारास प्रार्थना असते. शांतपणे मागे बसा, मांडी चालते.

ऱ्योकानमध्ये गाद्या गुंडाळून कपाटात घालायची गरज नाही, पांघरूण नीट करा की झालं. छोटा पातळ टॉवेल बहुतेक ठिकाणी नेता येतो. युकाता नेता येत नाही, ती विकत मागा.

हिशेबात पेयं आणि स्नानकर वेगळे दिसतील. हा कर सहसा माणशी १५० येन. काही शहरांत मुक्कामाचाही कर असतो, क्योतोत २०१८पासून आहे. बक्षिसी देऊ नका. हातात नोटा कोंबल्या तर समोरची बाई ओशाळते. फारच वाटलं तर घरून आणलेल्या लाडवांचं एक पाकीट द्या.

खोली दहाला सोडायची असते, आणि दहा म्हणजे दहा. बूट दारात मांडलेले असतील. गाडी निघाली की लगेच फोनमध्ये डोकं घालू नका. ओकामी आणि दोघं-तिघं दारात उभे असतात, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहतात. मागच्या काचेतून तेवढं बघा.